मदत आणि मिंधेपणा : हान्स सिंगर यांचे अर्थचिंतन

एका राष्ट्राने दुसऱ्या राष्ट्राला मदत करावी, ही कल्पना आता इतकी रूढ झाली आहे की तिच्यात काही नवल आहे असे कोणास वाटत नाही. भूकंप झाला की धान्याची जहाजे निघतात. धरण बांधायचे तर दीर्घ मुदतीचे कर्ज मिळते. साथ आली की लस येते. परंतु या देण्याघेण्यामागे एक जुना प्रश्न दडलेला आहे आणि तो आपल्या घरगुती व्यवहारालाही अपरिचित नाही. देणाऱ्याचा हात वर असतो, घेणाऱ्याचा खाली. घेणारा त्या वेळेपुरता तगतो खरा. पण तो मिंधा होतो काय? आणि ज्या मदतीने माणूस मिंधा न होता आपल्या पायांवर उभा राहील, अशी मदत असू शकते काय?

विसाव्या शतकात ज्या थोड्या अर्थशास्त्रज्ञांनी या प्रश्नाचा पाठपुरावा सारे आयुष्य केला, त्यांत हान्स सिंगर यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. ते लोकप्रसिद्ध पुरुष नव्हते. कोणत्याही राष्ट्राचे मंत्रिपद त्यांनी भूषविले नाही. त्यांचा सर्वांत गाजलेला अभ्यास प्रथम प्रसिद्ध झाला तेव्हा त्यावर त्यांचे नावही नव्हते. तथापि गरीब राष्ट्रांना व्याजाविना कर्ज देणारी संस्था, भुकेलेल्यांपर्यंत धान्य पोहोचविणारा जागतिक कार्यक्रम, आणि शहराच्या गल्लीबोळातील कारागिराला अर्थव्यवस्थेचा घटक मानणारी दृष्टी, या तिहींच्या जन्मकथेत त्यांचा हात सापडतो. संशोधकाच्या विचाराला संस्थेचे रूप कसे येते, आणि ते येता येता मूळ विचार किती बदलतो, हे या चरित्रातून फार स्पष्ट दिसते.

सिंगर यांचा जन्म २९ नोव्हेंबर १९१० रोजी जर्मनीतील एल्बरफेल्ट या गावी एका ज्यू डॉक्टरच्या घरी झाला. वडिलांप्रमाणे आपणही वैद्यक शिकावे या हेतूने ते बॉन विद्यापीठात गेले. परंतु तेथे योजेफ शुम्पेटर अर्थशास्त्र शिकवीत होते. त्यांची व्याख्याने ऐकून या तरुणाने वैद्यक सोडले आणि अर्थशास्त्राची कास धरली. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि ज्यू विद्यार्थ्याला जर्मनीत भवितव्य उरले नाही. सिंगर इस्तंबूलला गेले. शुम्पेटर तोपर्यंत अमेरिकेत हार्वर्डला पोहोचले होते. त्यांनी आपल्या शिष्याची शिफारस केंब्रिजच्या जॉन मेनार्ड केन्स यांच्याकडे केली. अशा रीतीने १९३४ साली हा निर्वासित तरुण केंब्रिजमध्ये दाखल झाला आणि १९३६ साली त्याने तेथे डॉक्टरेट मिळविली. त्याच वर्षी केन्स यांचा रोजगारविषयक जगप्रसिद्ध ग्रंथ प्रकाशित झाला. म्हणजे मंदी, बेकारी आणि सरकारचे कर्तव्य या विषयांवर सारे केंब्रिज घुसळून निघत असताना सिंगर तेथे होते.

परंतु त्यांचे पहिले मोठे काम ग्रंथालयात बसून झाले नाही. इंग्लंडमध्ये त्या वेळी लाखो माणसे बेकार होती. त्यांतील कित्येकांना वर्षानुवर्षे काम मिळालेले नव्हते. अशा दीर्घकालीन बेकारांची पाहणी करण्यासाठी पिल्ग्रिम ट्रस्ट या संस्थेने एक समिती नेमली. यॉर्कचे आर्चबिशप विल्यम टेम्पल तिचे प्रमुख होते. सिंगर यांना या पाहणीच्या कामावर घेण्यात आले. लंडनचा डेप्टफर्ड भाग, लेस्टर, लिव्हरपूल, ब्लॅकबर्न, डरॅमच्या कोळसापट्ट्यातील क्रूक आणि वेल्समधील ऱ्हाँडा अशी सहा ठिकाणे निवडली होती. कामगारांच्या घरी जायचे, त्यांच्या चुलीपाशी बसायचे, मिळणारा भत्ता कोठे खर्च होतो हे विचारायचे, असा हा अभ्यास होता. त्याचा अहवाल १९३८ साली प्रसिद्ध झाला. त्यातून जे चित्र दिसले ते आकड्यांपुरते नव्हते. भत्त्याने कुटुंब उपाशी मरत नाही. परंतु काम गेल्यामुळे माणसाची दिनचर्या, त्याची शेजारपाजारातील पत आणि स्वतःविषयीचा विश्वास हे सारे हळूहळू झिजत जाते, आणि ती झीज भत्त्याने भरून निघत नाही. जगविणारी मदत वेगळी आणि उभे करणारी मदत वेगळी, हा भेद सिंगर यांच्या पुढील सर्व लिखाणात आढळतो. त्याचे मूळ या सहा गावांत शोधणे वावगे ठरणार नाही.

१९४० साली युद्धाच्या धामधुमीत, जर्मन नागरिक म्हणून, इंग्रज सरकारने सिंगर यांना स्थानबद्ध केले. ज्याला हिटलरने हाकलले त्यालाच हिटलरचा हस्तक मानण्याचा हा विपरीत प्रकार होता. केन्स आणि अन्य हितचिंतकांनी खटपट केल्यावर त्यांची काही आठवड्यांत सुटका झाली. पुढे त्यांनी मँचेस्टर आणि ग्लासगो येथील विद्यापीठांत अध्यापन केले, मधल्या काळात नगररचना खात्यातही काम केले. १९४७ साली नवजात संयुक्त राष्ट्रसंघाच्या अर्थविभागातून त्यांना बोलावणे आले. बोलावणारे गृहस्थ होते डेव्हिड ओवेन. बेकारांच्या पाहणीत हे दोघे सहकारी होते. थोड्या काळासाठी म्हणून सिंगर तेथे गेले आणि बावीस वर्षे राहिले.

तेथे त्यांच्या वाट्याला जो विषय आला, तो त्या काळी अर्थशास्त्रात जवळजवळ अस्तित्वातच नव्हता. तो विषय म्हणजे अविकसित देशांचे प्रश्न. स्वतः शुम्पेटर यांनाही आपल्या शिष्याने हे काम पत्करावे याचे नवल वाटले. कारण तो प्रांत मानववंशशास्त्रज्ञांचा आणि भूगोलतज्ज्ञांचा, अर्थशास्त्रज्ञाचे त्यात काय काम, अशीच त्या वेळची समजूत होती. परंतु सिंगर यांनी प्रारंभीच एक साधा, पण मर्मावर बोट ठेवणारा प्रश्न हाती घेतला. गरीब देश कापूस, चहा, कॉफी, साखर, कथील असा कच्चा माल विकतात आणि श्रीमंत देशांकडून यंत्रे व पक्का माल घेतात. या सौद्यात कालांतराने कोणाचे पारडे जड होत गेले?

सुमारे सत्तर वर्षांची, मुख्यतः ब्रिटनच्या व्यापाराची, आकडेवारी त्यांनी तपासली. निष्कर्ष धक्कादायक होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पर्वात ठराविक कच्च्या मालाच्या मोबदल्यात जेवढा पक्का माल मिळे, त्याच्या साधारण ६० टक्केच माल दुसऱ्या महायुद्धाच्या उंबरठ्यावर मिळू लागला होता. हा अभ्यास १९४९ साली संयुक्त राष्ट्रसंघाने प्रसिद्ध केला. संघाच्या प्रथेनुसार त्यावर लेखकाचे नाव नव्हते. त्याच वर्षी अर्जेंटिनाचे अर्थतज्ज्ञ राऊल प्रेबिश यांनी लॅटिन अमेरिकेच्या आर्थिक आयोगापुढे याच आकड्यांच्या आधारे आपला सिद्धांत मांडला. सिंगर यांचा स्वतःच्या नावाचा लेख १९५० साली आला. पुढे हा विचार प्रेबिश-सिंगर सिद्धांत म्हणून ओळखला जाऊ लागला.

असे का घडावे? सिंगर यांचे स्पष्टीकरण थोडक्यात सांगता येते. समजा, एखाद्या यंत्रांच्या कारखान्यात नवी युक्ती निघाली आणि तितक्याच श्रमांत दुप्पट माल निघू लागला. तेथील कामगार संघटित असतात. ते वाढीव मजुरी मागतात. मालकही मोजके असतात. ते किंमत सहसा पडू देत नाहीत. म्हणजे सुधारणेचे फळ त्या देशातच, मजुरी आणि नफा या रूपांनी, राहते. आता कापसाच्या शेताकडे पाहा. नव्या बियाण्याने पीक दुप्पट झाले तर ते लक्षावधी शेतकऱ्यांच्या शेतांत एकदमच दुप्पट होते. प्रत्येकाला माल विकण्याची घाई; शेतमजूर विखुरलेले, त्यांना मजुरी वाढवून मागण्याची ताकद नाही. भाव कोसळतो आणि सुधारणेचे फळ दूरदेशीच्या ग्राहकाच्या पदरात पडते. शिवाय माणसाचे उत्पन्न दुप्पट झाले म्हणून तो दुप्पट चहा पीत नाही. वाढीव पैसा तो मोटारीकडे आणि रेडिओकडे वळवितो. आणि कच्चा माल महाग झालाच तर प्रयोगशाळा त्याला पर्याय शोधून काढते. १८९७ साली जर्मनीत तयार झालेली कृत्रिम नीळ बाजारात आली आणि बंगाल-बिहारमधील निळीचा व्यापार काही वर्षांतच मोडला, हे उदाहरण भारतीयांना नवे नाही.

सिंगर यांनी याच लेखात दुसराही मुद्दा मांडला, आणि तो अधिक मूलगामी होता. परकीय भांडवलदार गरीब देशात खाणी किंवा चहाकॉफीचे मळे काढतात. नकाशावर ते मळे त्या देशात असतात. परंतु अर्थकारणाच्या दृष्टीने ते भांडवल पुरविणाऱ्या देशाचेच अंग असतात. नफा बाहेर जातो, यंत्रे बाहेरून येतात, नवी कौशल्येही बाहेरच वाढतात. स्थानिकांच्या वाट्याला येते ती केवळ अकुशल मजुरी. मुंबईत वाढलेल्या आणि ब्रिटनच्या संसदेपर्यंत पोहोचलेल्या दादाभाई नौरोजींनी अर्धशतकापूर्वी भारतातून होणाऱ्या संपत्तीच्या निःसारणाचा हिशेब मांडला होता. दोघांच्या मांडणीत फरक आहे. दादाभाईंचा रोख परकीय राज्यावर होता, सिंगर यांचा बाजाराच्या रचनेवर. परंतु या व्यवहाराचे फळ अखेर कोणाच्या घरी जाते, हा प्रश्न दोघांनीही विचारला.

या सिद्धांतावर टीकेची झोड उठली, आणि ती सारीच पूर्वग्रहातून आलेली नव्हती. जेकब व्हायनर यांनी दाखवून दिले की शेती म्हणजे दारिद्र्य असे समीकरण मांडता येत नाही. डेन्मार्क, न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलिया हे शेतीमालाच्या बळावरच संपन्न झाले. गॉटफ्रिड हाबर्लर प्रभृतींनी आकडेवारीवरच बोट ठेवले. एकोणिसाव्या शतकात जहाजभाडे कमी होत गेले, तेव्हा ब्रिटनच्या बंदरातील कच्च्या मालाचा भाव उतरला म्हणून मूळ उत्पादकाला कमी मिळाले असे होत नाही. पक्क्या मालाचा दर्जाही सुधारत गेला. १९३८ची मोटार १९१०च्या मोटारीहून निराळी वस्तू होती. पुढे अनेक अभ्यासकांनी नव्याने हिशेब केले. १९८८ साली जागतिक बँकेच्या वर्तुळातून आलेल्या ग्रिली आणि यांग यांच्या अभ्यासात तेलेतर कच्च्या मालाचे सापेक्ष भाव १९०० नंतर दरसाल सुमारे अर्ध्या टक्क्याने घसरत आल्याचे दिसले. मूळ अंदाजाहून ही घसरण सौम्य, पण दिशा तीच. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात चीनच्या मागणीने कच्च्या मालाचे भाव भडकले आणि सिद्धांताला अपवाद दिसू लागला. काही वर्षांनी ते भाव पुन्हा उतरले. निसर्गनियमाची अटळता या सिद्धांतात नाही. एक दीर्घकालीन कल त्याने दाखविला, आणि त्या कलाकडे डोळेझाक करून चालत नाही.

व्यापारातून जर गरीब देशाला पुरेसे भांडवल मिळत नसेल, तर ते अन्य मार्गाने मिळाले पाहिजे, हे ओघानेच आले. येथे सिंगर यांचे संशोधन मदतीच्या प्रश्नाकडे वळते. १९४९ साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या आर्थिक विकासविषयक उपआयोगाचे अध्यक्ष भारताचे व्ही. के. आर. व्ही. राव हे होते. त्यांनी अशी सूचना केली की संघाने स्वतःच एक यंत्रणा उभारून गरीब देशांना सवलतीच्या अटींवर भांडवल पुरवावे. सिंगर या चर्चेत सचिवालयातील प्रमुख सहायक होते. योजनेचे नाव बदलत गेले. एका टप्प्यावर इंग्रजी आद्याक्षरे जुळविली तर 'अन्फेड', म्हणजे 'उपाशी', असा शब्द तयार होई. तेव्हा आरंभी 'स्पेशल' हा शब्द जोडून त्याचे 'सन्फेड' करण्यात आले. परंतु नाव बदलल्याने पोट भरत नाही. पैसा देणारे देश प्रत्येक देशाला एक मत असलेल्या संस्थेच्या हाती तिजोरीच्या किल्ल्या देण्यास तयार नव्हते. जागतिक बँकेचे त्या वेळचे अध्यक्ष यूजीन ब्लॅक यांनाही हा बेत मान्य नव्हता.

दहा वर्षे ठरावावर ठराव झाले. अखेर १९६० साली 'आंतरराष्ट्रीय विकास संस्था' स्थापन झाली, पण ती जागतिक बँकेच्या छत्राखाली, जेथे भांडवलाच्या प्रमाणात मते असतात. प्रारंभीच्या अटी मात्र खरोखर उदार होत्या: पन्नास वर्षांची मुदत, पहिली दहा वर्षे परतफेड नाही, व्याज नाही, केवळ पाऊण टक्का सेवाशुल्क. भारत या संस्थेच्या सर्वांत मोठ्या ऋणकोंपैकी एक ठरला, आणि उत्पन्न वाढल्यामुळे २०१४ साली त्या यादीतून बाहेर पडला. म्हणजे राव आणि सिंगर यांच्या विचाराचा अर्धा भाग फळाला आला. पैसा मिळाला; निर्णयातील बरोबरी मिळाली नाही. मदतीत मिंधेपणा कोठून शिरतो याचे उत्तर या अर्ध्या यशात आहे. व्याज माफ करणे सोपे असते. मत देणे कठीण असते.

धान्याच्या मदतीची कथा याहून गुंतागुंतीची आहे. अमेरिकेत धान्य वाजवीहून अधिक पिकत होते आणि गोदामे ओसंडत होती. १९५४ साली तेथे 'पी. एल. ४८०' या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला आणि शिलकी धान्य गरीब देशांकडे जाऊ लागले. भारताने १९५६ पासून या व्यवस्थेखाली गहू घेतला. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर यांनीही त्याच सुमारास शिलकी धान्याच्या विकासासाठी वापर या विषयावर पुस्तिका लिहिली होती. इतका हा प्रश्न आपल्या अभ्यासकांच्या मनात घोळत होता. या धान्यावर आक्षेपही होते. फुकट किंवा स्वस्त परदेशी गहू बाजारात आला की देशी शेतकऱ्याचा भाव पडतो आणि तो पेरणी कमी करतो, असा इशारा थिओडोर शुल्ट्झ यांनी १९६० साली दिला. दुसरे म्हणजे, धान्य देणाऱ्याच्या हाती राजकीय लगाम येतो. १९६५-६६च्या अवर्षणात अमेरिकेने भारताला गव्हाची जहाजे थोड्याथोड्या मुदतीने, हात आखडता घेऊन, पाठविली, तेव्हा या लगामाचा अनुभव साऱ्या देशाने घेतला.

याच काळात अन्न व शेती संघटनेचे महासंचालक विनय रंजन सेन होते. १९४३च्या बंगालच्या दुष्काळाच्या सुमारास मदतकार्याची आणि अन्नपुरवठ्याची जबाबदारी त्यांच्यावर होती. शिलकी धान्य राष्ट्राराष्ट्रांतील सौदेबाजीतून सोडवून आंतरराष्ट्रीय व्यवस्थेखाली आणता येईल काय, हे पाहण्यासाठी १९६१ साली त्यांनी तज्ज्ञांचा गट नेमला आणि सिंगर त्याचे अध्यक्ष झाले. त्याच वर्षीच्या अखेरीस 'जागतिक अन्न कार्यक्रम' तीन वर्षांचा प्रयोग म्हणून मंजूर झाला. अधिकृत प्रारंभ १९६३चा. परंतु सप्टेंबर १९६२ मध्ये इराणात भयंकर भूकंप झाला तेव्हा मुहूर्ताची वाट न पाहता गहू, साखर आणि चहा तेथे पाठविण्यात आला. १९६५ साली कार्यक्रम कायम झाला. २०२० साली त्याला शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले.

सिंगर धान्याच्या मदतीचे पुरस्कर्ते राहिले, पण आंधळे पुरस्कर्ते नव्हते. त्यांचा आग्रह असा की धान्य हे बियाण्यासारखे भांडवल आहे. ते कसे वापरले यावर सारे अवलंबून. ते ज्याच्यापाशी खरेदीची शक्तीच नाही त्याच्या पोटात गेले, किंवा ते विकून आलेला पैसा उत्पादनात गुंतविला गेला, तर देशी शेतकऱ्याचे नुकसान होण्याचे कारण नाही. या मताची मोठी परीक्षा भारतातच झाली. १९७० साली 'ऑपरेशन फ्लड' ही योजना सुरू झाली. युरोपीय आर्थिक समुदायाने दिलेली १ लाख २६ हजार टन दुधाची भुकटी आणि ४२ हजार टन बटर ऑइल जागतिक अन्न कार्यक्रमामार्फत भारताकडे आले. व्हर्गीस कुरियन यांनी ही भुकटी फुकट वाटली नाही. तिचे दूध करून ते मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या शहरांत देशी दुधाचा भाव पडणार नाही अशा बेताने विकले, आणि आलेला पैसा दूधसंघ, शीतकरण केंद्रे आणि पशुखाद्याचे कारखाने यांत घातला. या योजनेवरही १९८०च्या दशकात कडक टीका झाली. परदेशी भुकटीचे व्यसन लागेल अशी भीती पुष्कळांनी बोलून दाखविली. परंतु १९९८ पर्यंत भारत जगातील सर्वांत मोठा दूध उत्पादक देश झाला होता. भेट म्हणून आलेली वस्तू संपून गेली आणि तिच्यातून उभी राहिलेली यंत्रणा उरली. सिंगर यांना अभिप्रेत असलेल्या मदतीचे याहून स्पष्ट उदाहरण दाखविणे अवघड आहे.

१९६९ साली सिंगर संयुक्त राष्ट्रसंघातून निवृत्त झाले आणि इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठाच्या विकास अभ्यास संस्थेत आले. तेथे त्यांच्या संशोधनाला निराळे वळण लागले. आतापर्यंत प्रश्न होता राष्ट्राराष्ट्रांतील वाटपाचा. आता राष्ट्राच्या आतील वाटप समोर आले. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने केनियातील रोजगाराचा अभ्यास करण्यासाठी एक पथक पाठविले. रिचर्ड जॉली आणि सिंगर त्याचे प्रमुख होते. १९७२ साली आलेल्या या अहवालाने एक रूढ समजूत उलटी केली. केनियाचा खरा प्रश्न निव्वळ बेकारी हा नव्हता. दिवसभर राबूनही ज्यांचे भागत नाही, अशा माणसांची संख्या फार मोठी होती. नैरोबीच्या वस्त्यांत पत्र्याच्या शेगड्या बनविणारे, सायकली दुरुस्त करणारे, शिंपी, सुतार, फेरीवाले यांना सरकार उपद्रव समजून हुसकावीत असे, त्यांच्या टपऱ्या पाडीत असे. अहवालाने म्हटले की हे लोक ओझे नाहीत. थोड्या भांडवलात रोजगार आणि स्वस्त माल निर्माण करणारे ते उत्पादक आहेत. त्यांचा छळ थांबवा, परवान्यांचा जाच कमी करा. घानातील अभ्यासावरून कीथ हार्ट यांनी मांडलेला 'अनौपचारिक क्षेत्र' हा शब्दप्रयोग या अहवालामुळे जगभर पोहोचला. त्याबरोबरच वाढत्या उत्पन्नातील वाढीव हिस्सा गरिबांच्या उपयोगी गुंतवणुकीकडे वळवावा, हे सूत्रही पुढे आले.

त्याच वर्षी महाराष्ट्र भीषण दुष्काळातून जात होता. रेशनच्या दुकानांतून मिळालेली तांबडी मिलो आणि दुष्काळी कामांवर वाटलेली सुकडी जुन्या पिढीच्या स्मरणात दीर्घकाळ राहिली. परंतु त्या दुष्काळाची अधिक टिकाऊ देणगी म्हणजे वि. स. पागे यांच्या पुढाकाराने आकाराला आलेली रोजगार हमी योजना. १९७७ साली तिचा कायदा झाला. २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. मागेल त्याला काम द्यायचे आणि त्यासाठी शहरातील नोकरदार व व्यावसायिकांवर कर बसवायचा, ही तिची रचना होती. सिंगर यांचा या योजनेशी संबंध नव्हता. तथापि ऱ्हाँडाच्या खाणकामगाराच्या घरी जे दिसले होते, तेच येथील दुष्काळी गावात दिसले: भिक्षेने माणूस वाचतो, हक्काच्या कामाने त्याची मान ताठ राहते.

सिंगर यांच्या साऱ्या विचाराला छेद देणारा एक समकालीन येथे विसरता येत नाही. हंगेरीत जन्मलेले पीटर बाउअर हेही १९३४ सालीच केंब्रिजला आले होते. मलायातील रबर आणि पश्चिम आफ्रिकेतील व्यापार यांचा प्रत्यक्ष अभ्यास करून ते नेमक्या उलट निष्कर्षाला पोहोचले. परकीय मदत गरिबांच्या हाती पडत नाही, ती सरकारांच्या हाती पडते. तिने सत्ताधीश बळावतात, राजकारण सर्वव्यापी होते आणि उद्यमशीलतेला खीळ बसते, असे त्यांचे म्हणणे. अनेक देशांचा इतिहास या इशाऱ्याला पुष्टी देतो. मदतीच्या पैशावर राजवाडे उभे राहिले आणि शाळांना छपरे मिळाली नाहीत, असे घडले आहे. सिंगर यांचे उत्तर असे की हा दोष मदतीच्या रीतीचा आहे; आणि बाजार निःपक्षपाती आहे असे गृहीत धरले तरच मदत अनावश्यक ठरते. दोघांपैकी एकालाच सर्वस्वी खरे मानणे कठीण. परंतु फळ कोणाला मिळते हे तपासून पाहा, असा आग्रह दोघांचाही होता.

स्वतःच्या सिद्धांताविषयीही सिंगर यांनी हट्ट धरला नाही. गरीब देशांनी कारखाने काढले की प्रश्न सुटेल, अशी आशा पूर्वी होती. १९९१ साली भारतीय अर्थशास्त्रज्ञ प्रबीरजीत सरकार यांच्यासह केलेल्या अभ्यासात त्यांनी दाखविले की गरीब देशांच्या कारखानदारी मालाचे भावही श्रीमंत देशांच्या मालाच्या तुलनेने उतरत आहेत. साधे कापड आणि साधी खेळणी यांची गत कापसासारखीच होते, कारण खरी किंमत ज्ञानाला, संशोधनाला आणि बाजारातील ताकदीला मिळते. म्हणजे प्रश्न कोणत्या वस्तूचा, यापेक्षा ती विकणाऱ्याच्या स्थितीचा अधिक आहे, असा त्यांनी आपल्या सिद्धांताचा रोख बदलला. आयुष्याच्या नवव्या दशकाच्या उंबरठ्यावर असलेल्या विद्वानाने आपल्या चाळीस वर्षांपूर्वीच्या कीर्तीला अशी दुरुस्ती करावी, यात त्याची संशोधनवृत्ती दिसते. १९९४ साली ब्रिटनने त्यांना 'सर' हा किताब दिला. २६ फेब्रुवारी २००६ रोजी, वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

त्यांच्यानंतर काळ पुष्कळ बदलला. भारतासारखे देश मदत घेणाऱ्यांच्या रांगेतून निघून मदत देणाऱ्यांच्या रांगेतही बसू लागले. २०२५ साली अमेरिकेने आपली परराष्ट्र विकास साहाय्याची मुख्य संस्था बंद केली, आणि अनेक गरीब देशांतील दवाखाने व अन्नकेंद्रे एकाएकी अडचणीत आली. देणाऱ्याचे मन फिरले की घेणाऱ्याचे घर हादरते, हे त्यातून पुन्हा दिसले. अशा वेळी मदत असावी की नसावी हा वाद पुरेसा ठरत नाही. येणाऱ्या मदतीने देशात काय उभे राहील, तिच्या निर्णयात घेणाऱ्याला मत असेल काय, आणि उद्या ती थांबली तर मागे काय उरेल, या तीन प्रश्नांची उत्तरे देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने आधीच द्यावयास हवीत. एका निर्वासित संशोधकाने सत्तर वर्षे हेच विचारले. ती उत्तरे जेथे मिळाली तेथे मदतीचे रूपांतर सामर्थ्यात झाले. जेथे ती टाळली गेली तेथे केवळ ऋण आणि उपकार यांचा हिशेब उरला.